आकाशातून उतरलेली पेटी ही गूढ वस्तू नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या हंगामात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या भागातील एका शेतात उतरलेल्या पेटीची बातमी आली होती. ‘आकाशातून पडली गूढ वस्तू, गावात घबराट’ असा तिचा मथळा होता. दुसऱ्या दिवशी आलेल्या पुढील बातमीच्या शेवटच्या दोन ओळींत ती पेटी हैदराबादहून सोडलेल्या संशोधनाच्या फुग्याची असल्याचा खुलासा छापला गेला. परंतु तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले असून हे शेत माझ्या गावापासून चार किलोमीटरवर असल्यामुळे मी त्या सकाळी तेथे स्वतः गेलो होतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

शाळू हुरड्यात आलेला होता. नारिंगी-पांढरे पॅराशूट पिकावर पसरलेले होते आणि त्याच्या दोऱ्यांना अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली, साधारण गव्हाच्या कोठीएवढी पेटी बांधलेली होती. पेटीने मोडलेली ताटे फार तर दहा-बारा हात जागेतील असतील. पण ती पाहायला आलेल्या माणसांनी आणि मोटारसायकलींनी पाऊण एकर ज्वारी आडवी केली. मी पोहोचलो तेव्हा पॅराशूटचा निम्मा कपडा कापून नेलेला होता, एका तरुणाच्या हातात पाना होता आणि पेटीचे दोन बोल्ट निघालेले होते. हे चिनी हेरगिरीचे यंत्र आहे, असे त्या तरुणाने मला ठामपणे सांगितले. पेटीच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर संस्थेचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि ‘उघडू नये’ ही सूचना होती, ती त्या गर्दीत कोणी वाचलेली नव्हती. मला त्या तरुणाला दोष द्यायचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला चिनी फुगा क्षेपणास्त्राने पाडला, ती दृश्ये त्याने मोबाइलवर पाहिलेली होती; मात्र आपल्या डोक्यावरून दर हिवाळ्यात आपल्याच देशाचे फुगे जातात, हे त्याला शाळेतही कोणी सांगितले नव्हते आणि वर्तमानपत्रानेही. शाळेत न सांगणाऱ्यांत मी स्वतःही आहे, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगा केंद्र हैदराबाद येथे १९६९ पासून चालू आहे. त्याची मुळे त्याही आधीची, डॉ. होमी भाभा यांच्या विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, संशोधनात आहेत. आरंभी रबरी फुग्यांचे झुबके एकत्र बांधून उपकरणे वर पाठवली जात आणि पुढे प्लास्टिकचे फुगे याच संस्थेत तयार होऊ लागले. पावसाळा सरल्यावर साधारण उन्हाळा लागेपर्यंत, रात्री किंवा पहाटे, जमिनीवरचा वारा पडलेला असताना हे फुगे सोडले जातात. ते तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर पोहोचतात, काही तास तेथे तरंगतात आणि काम झाले की जमिनीवरून पाठवलेल्या आज्ञेने दोर तोडला जाऊन उपकरणे पॅराशूटने खाली येतात. उतरण्याचा हा पट्टा विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आजूबाजूचा आहे. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, तर त्याच्याही वर स्थितांबर या वातावरणाच्या थरात तो अनेकदा पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे फुगा आधी पूर्वेकडे सरकून नंतर मागे फिरतो आणि सोलापूर, धाराशिव, लातूर, बिदर या आपल्या बाजूला येतो. हे केंद्र दर हंगामापूर्वी जाहीर सूचना काढते. तीत जिल्ह्यांची नावे असतात, पेटी सापडल्यास हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला, टपाल कार्यालयाला किंवा पेटीवरील क्रमांकाला कळवावे असे सांगितलेले असते आणि कळवणाऱ्यास बक्षीस देण्याचेही नमूद असते. ही सूचना वर्तमानपत्रांत छापूनही येते, पण निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दीत ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

या फुग्याचे शास्त्र इतके सोपे आणि देखणे आहे की ते आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येते. हवेत बुडालेल्या वस्तूला तिने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी वरची ढकल मिळते, हा आर्किमिडीजचा नियम विहिरीत पोहणाऱ्या प्रत्येक मुलाला अंगाने ठाऊक असतो. जमिनीलगत एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो आणि तेवढ्याच हायड्रोजनचे जेमतेम ९० ग्रॅम. म्हणजे एक घनमीटर हायड्रोजन एक किलोहून थोडे जास्त वजन उचलतो. आता चाळीस किलोमीटरवर चला. तेथे एक घनमीटर हवेचे वजन अवघे चार ग्रॅम. तीन टनांचा एकूण भार तेथे तरंगत ठेवायचा तर फुग्याला साडेसात लाख घनमीटर जागा व्यापावी लागेल. तोच वायू जमिनीवर मात्र अडीच हजार घनमीटरांतच मावतो, म्हणजे फुगा सोडताना त्याचा सुमारे तीनशेवा हिस्साच भरलेला असतो. म्हणून प्रक्षेपणाच्या वेळी शेंड्याला एक गोळा फुगलेला आणि त्याखाली लांबच लांब रिकामी झोळी लोंबकळत असलेली दिसते. ही झोळी वर जाता जाता हळूहळू भरते आणि शेवटी उलट्या थेंबासारखी टपोरी होते. तिच्या पॉलिथिनची जाडी किती असावी? मोठ्या फुग्यांत साधारण वीस मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाचा तिसरा-चौथा हिस्सा.

इथे आपल्या अक्षांशाची एक खास अडचण येते. वर जाल तसे थंड होते हे सगळ्यांना माहीत असते. परंतु तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, माथ्यावर, सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर, सर्वांत कडक थंडी ध्रुवाकडे नसून आपल्या उष्ण कटिबंधाकडे असते, हे ऐकून माझे विद्यार्थीच काय, सहकारी शिक्षकही चकित होत. तेथील तापमान उणे ऐंशी अंशांच्याही खाली जाते. युरोप-अमेरिकेच्या आकाशात टिकणारे प्लास्टिक या थंडीत कडक होऊन तडकण्याचा धोका असतो. हैदराबादच्या मंडळींना म्हणूनच आपल्या हवेला सोसेल अशी प्लास्टिकची पातळ फिल्म स्वतः विकसित करावी लागली आणि ‘अँट्रिक्स’ या नावाने ती त्यांनी तयार केली. अग्निबाणाच्या यशाचे पेढे वाटले जातात तसे या फिल्मसाठी कोणी वाटले नसतील, पण मला हे काम त्याच तोलाचे वाटते.

शास्त्राइतकीच यात कला आहे आणि ती दोनशे चाळीस वर्षांपूर्वी होती तीच आहे. फुग्याला सुकाणू नसते. वर जायचे तर सोबत नेलेले वजन टाकायचे आणि खाली यायचे तर शेंड्याची झडप उघडून वायू सोडायचा. या दोन थैल्या घेऊन उड्डाण निघते आणि त्यांतून एकदा खर्च केलेले परत मिळत नाही. सूर्य मावळला की वायू थंड होऊन आक्रसतो, फुगा बसू लागतो आणि लोखंडी छर्रे टाकून त्याला सावरावे लागते. दुसऱ्या दिवशी ऊन लागले की वायू पुन्हा पसरतो आणि जादा झालेला खालच्या उघड्या नळ्यांतून निघून जातो. डाव्या-उजव्या बाजूला जायचे असेल तर हव्या त्या दिशेचा वारा ज्या उंचीवर आहे ती उंची शोधायची, एवढेच हाती असते. वाऱ्याशी झगडून येथे काही मिळत नाही, त्याचे थर ओळखावे लागतात, आणि ज्याला ते ओळखता येतात तोच चांगला उड्डाणकर्ता ठरतो.

झडप, वजन आणि खालचे उघडे तोंड या तिन्ही गोष्टी फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्ल यांच्याकडून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या पहिल्या फुग्याची हकीगत आमच्या गावच्या हकीगतीशी इतकी जुळते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २७ ऑगस्ट १७८३ रोजी त्यांनी रॉबेर बंधूंच्या मदतीने, लोखंडाचा कीस आणि गंधकाम्ल यांच्यापासून मिळवलेल्या हायड्रोजनचा फुगा पॅरिसमधून सोडला. त्यात माणूस नव्हता. फुगा पूर्ण भरून त्याचे तोंड बंद केलेले असल्यामुळे, वर हवा विरळ होताच आतला वायू पसरला, कापड फाटले आणि तो पाऊण तासात गोनेस या खेड्यात कोसळला. तेथील शेतकऱ्यांनी कधीही न पाहिलेली, फुसफुसणारी, कुबट वासाची ती वस्तू काट्या-फावड्यांनी फोडून काढली. यानंतर फ्रेंच सरकारने जनतेसाठी एक जाहीर सूचना काढली. आकाशात काळवंडलेल्या चंद्रासारखे काही दिसले तर घाबरू नये, ते कापडाचे यंत्र असून त्याच्यापासून इजा होत नाही आणि पुढे कधीतरी त्याचा समाजाला उपयोग होईल, असे तीत म्हटले होते. शार्ल यांनीही धडा घेतला. १ डिसेंबर १७८३ रोजी ते स्वतः हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेले तेव्हा फुग्याचे खालचे तोंड उघडे होते, शेंड्याला झडप होती आणि टोपलीत वाळूच्या पिशव्या होत्या. गोनेसच्या शेतकऱ्यांना कोणी काही आधी सांगितलेलेच नव्हते. आपल्याकडे सूचना दरवर्षी निघते, आणि तरीही शेतात तेच घडते.

वाचक विचारतील की उपग्रहांच्या काळात या फुग्यांची गरजच काय. ऑगस्ट १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यातून पाच किलोमीटरहून अधिक उंच गेले आणि वर जाताना किरणोत्सार वाढत जातो हे त्यांनी मोजले. विश्वकिरणांचा शोध तो हाच आणि त्यासाठी त्यांना १९३६ चे नोबेल मिळाले. आपले हैदराबाद भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाने अडवलेले कमी ऊर्जेचे विश्वकिरण तेथे पोहोचत नाहीत आणि अवकाशातील क्ष-किरण मोजताना पार्श्वभूमीचा गोंगाट कमी राहतो. हे स्थान जगातील फार थोड्या केंद्रांना लाभले आहे. टाटा संस्थेची एक मीटर व्यासाची अवरक्त (इन्फ्रारेड) दुर्बीण अशाच फुग्यांखाली टांगून ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे नकाशे काढले गेले. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ या आपल्या वेधशाळेतील क्ष-किरण उपकरणांमागेही फुग्यांवर कमावलेला अनेक वर्षांचा अनुभव आहे. आणि मुख्य म्हणजे फुग्याखालचे उपकरण परत मिळते. ते दुरुस्त करता येते, सुधारता येते, पुन्हा पाठवता येते. अर्थात, ते ज्याच्या शेतात पडले त्याने ते शाबूत ठेवले तर.

याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांच्या प्रयोगाचे आहे. वातावरणाच्या वरच्या थरांत सूक्ष्मजीव आहेत का, हे शोधण्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून २००१ आणि २००५ मध्ये फुगे सोडण्यात आले. २००५ च्या फुग्याचे आकारमान सुमारे साडेसात लाख घनमीटर होते. वर फळ्यावर मांडलेला हिशेब एवढ्याच आकाराच्या फुग्याचा आहे. त्याखाली ४५९ किलोंचे उपकरण होते. त्यातील पोलादी नळकांडी आतून निर्जंतुक व निर्वात केलेली होती आणि ती ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. वीस ते एकेचाळीस किलोमीटरच्या दरम्यान ठरलेल्या उंचीवर एकेका नळकांड्याची झडप उघडायची, बाहेरची विरळ हवा त्या कडाक्याच्या थंडीमुळे आत ओढली जाऊन गोठायची आणि झडप मिटायची. पॅराशूटने उतरलेली ही नळकांडी हैदराबादच्या आणि पुण्याच्या अशा दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासली गेली. पुण्यात हे काम राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राने केले. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या आणि त्यांत जिवाणूंच्या तीन जाती विज्ञानाला अगदी नव्या निघाल्या. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या स्मरणार्थ एकीला ‘जॅनिबॅक्टर हॉयली’, तर उरलेल्या दोघींना इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून नावे देण्यात आली. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असा दावा संशोधकांनी केला नाही. अतिनील किरणांपुढे ते आपल्या जवळच्या भावंडांपेक्षा अधिक तग धरतात, एवढे त्यांनी नोंदवले.

आता कल्पना करावी की ही नळकांडी एखाद्या बांधावर उतरली आणि कोणी निव्वळ कुतूहलाने एक झडप सैल केली. त्याच क्षणी शेतातली हवा, माती आणि त्या माणसाच्या हाताचे जिवाणू आत जातील, आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाचे मोल शून्य होईल. परत कोणते नळकांडे शुद्ध राहिले आणि कोणते नाही, हेही कळणार नाही. त्या सकाळी आमच्या शेतात पेटीचे दोन बोल्ट निघालेले पाहून माझ्या पोटात जो गोळा आला तो यामुळे. त्या पेटीत काय होते ते मला ठाऊक नाही, परंतु कोणीतरी तरुण संशोधक तिची वाट पाहत हैदराबादहून जीपने निघालेला असणार, हे मला ठाऊक होते. अशा पेट्यांत उच्च दाबाची वीज असू शकते. ती उघडणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो, ही गोष्ट घरोघरी सांगितली गेली पाहिजे.

आणखी एक गैरसमज आपल्या बातमीतच होता. ‘हवामान खात्याचा फुगा असण्याची शक्यता’ असे तीत म्हटले होते. हवामान खात्याचे फुगे वेगळे. ते रबराचे, माणसाच्या उंचीच्या आसपासचे असतात. मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून ते नेमाने सुटतात, वर जाऊन फुटतात आणि त्यांच्याखालची छोटी, हलकी डबी तापमान, दाब व आर्द्रता कळवून कोठेतरी पडते. हैदराबादचा मोठा फुगा पूर्ण फुलल्यावर पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचा असतो. तो डोक्यावर आला तर चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जवळपास पाव हिश्शापर्यंत भरतो आणि साध्या दुर्बिणीतूनही त्याचा आकार कळतो. पहाटे आपल्याकडे अजून अंधार असताना एवढ्या उंचीवर सूर्याचे किरण पोहोचलेले असतात, म्हणून तो शुक्रासारखा झगझगीत दिसतो. उडत्या तबकड्यांच्या किती बातम्या या एका वाक्याने छापण्यावाचून राहिल्या असत्या.

फुग्यांविषयी आपल्या वाचकांना रस नाही असेही नाही. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्याने निघाले, २१,०२७ मीटर उंचीचा जागतिक विक्रम करून नाशिक जिल्ह्यातील पांचाळे येथे उतरले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांचे केवढे स्वागत केले. त्या दिवशी कोणीही घाबरले नाही, कारण काय येत आहे हे सर्वांना आधी माहीत होते.

शेतकऱ्याची बाजूही मी येथे मांडली पाहिजे, कारण केवळ विज्ञानाच्या नावाने त्याच्याकडे त्यागाची अपेक्षा करणे मला मान्य नाही. ज्याच्या पिकात पेटी उतरते त्याचे नुकसान पेटीमुळे कमी आणि गर्दीमुळे फार होते. पोलीस पाटलाने पहिल्या तासात बांधावर माणूस उभा करावा, तलाठ्याने त्याच दिवशी पंचनामा करावा आणि भरपाई कोणाकडे मागायची हे शेतकऱ्याला कागदावर लिहून मिळावे, एवढी व्यवस्था जिल्हा प्रशासनाने हंगामापूर्वीच केली पाहिजे. फुग्याचे प्लास्टिक उपकरणापासून सुटून वेगळ्या शिवारात पडते. ते जनावरांच्या पोटात जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीने ते उचलून ठेवावे आणि त्याच्याजवळ विडीकाडी पेटवू नये, हेही लोकांना सांगायला हवे.

आपल्याकडे माझे मागणे असे आहे की या वर्षी ऑक्टोबरात ही सूचना येईल तेव्हा ती जाहिरातींच्या पानावर न टाकता जिल्हा पानाच्या माथ्यावर, फुग्याच्या आणि पॅराशूटच्या चित्रासह छापावी. तीत जिल्ह्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि बक्षिसाचा उल्लेख ठळक असावा, आणि पेटी उतरल्याची बातमी आली की वार्ताहराने प्रथम पेटीवरचा कागद वाचून मग मथळा द्यावा. आमच्या तालुक्यातील शाळांना हे कात्रण फलकावर लावण्यास मी स्वतः सांगेन आणि वर दिलेला हिशेब कोणत्याही वर्गात येऊन मांडण्याची माझी तयारी आहे. त्या पाना घेतलेल्या तरुणाने नंतर ते दोन्ही बोल्ट खिशातून काढून माझ्यासमोर पुन्हा घट्ट बसवले, आणि संस्थेची माणसे संध्याकाळी येईपर्यंत तो त्या पेटीजवळ उन्हात बसून राहिला होता, ही गोष्ट आपल्या बातमीत आली नव्हती.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. धाराशिव